वर्गात त्रास देणारं मूल: आईबाबा आणि बाईंनी मिळून नेमकं काय करायचं

"आज वर्गात खूप त्रास दिला. पालकांनी लक्ष द्यावे." शाळेच्या डायरीत हा शेरा ज्यांच्याकडे आठवड्यातून दोनतीनदा येतो त्या आईबाबांसाठी, आणि तो लिहायची वेळ ज्यांच्यावर येते त्या बाईंसाठी आणि सरांसाठी हे लिहितेय. मी शाळेत समुपदेशक आहे त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकते, आणि अगदी ठामपणे सांगते की अशा शेऱ्याने कुणाचंच काही भलं होत नाही. आईला कळतच नाही की नेमकं काय झालं, ती संध्याकाळी मुलाला ओरडते नाहीतर दोन फटके देते, मुलाला तोपर्यंत सकाळचं धड आठवत नसतं, आणि दुसऱ्या दिवशी ते आधीच चिडलेलं वर्गात येऊन बसतं. बाईंना वाटतं घरी कुणी काही करतच नाही, आईला वाटतं बाई आमच्याच मुलाच्या मागे लागल्यात. वर्ष असंच जातं.

हे थांबवायला दोनच गोष्टी लागतात. तक्रार पाठवायच्या ऐवजी माहिती पाठवायची, आणि एका वागण्याला घरी आणि शाळेत एकच उत्तर मिळेल असं ठरवायचं. खाली सगळं त्यासाठीच आहे.

आधी हे बघा की प्रश्न कसला आहे

मस्तीखोर मूल आणि वागणुकीची अडचण असलेलं मूल यात फरक आहे. डॉक्टर एडीएचडी म्हणतात तेव्हा ते बघतात की लक्ष न लागणं, सतत चुळबुळ, विचार न करता पटकन काहीतरी करून बसणं हे निदान सहा महिने चाललंय का, बारा वर्षांच्या आधी सुरू झालंय का, आणि घर, शाळा, क्लास यातल्या कमीत कमी दोन ठिकाणी दिसतंय का. ओडीडी म्हणजे मोठ्यांशी सतत हुज्जत, मुद्दाम उलट वागणं, राग, डूख धरणं, तेही सहा महिन्यांच्या वर. मारामाऱ्या, चोरी, प्राण्यांना इजा, नियम मोडून पळून जाणं असं वारंवार होत असेल तर ते याच्याही पुढचं असतं आणि तिथे उशीर करू नका.

"दोन ठिकाणी" हा मुद्दा लक्षात ठेवा कारण घर आणि शाळेने एकत्र यायचं पहिलं कारण तिथेच आहे. शाळा बोलल्याशिवाय डॉक्टरांना अर्धंच चित्र मिळतं. बरेच डॉक्टर मुलाचं वागणं कुठे कसं दिसतं हे विचारणारे व्हँडरबिल्टसारखे फॉर्म देतात, पालकांच्या फॉर्मात 55 प्रश्न असतात आणि शिक्षकांच्या फॉर्मात 43, आणि शिक्षकांचा फॉर्म जेव्हा पंधरा पंधरा दिवस दप्तरात पडून राहतो किंवा बाई सगळीकडे एकच खूण करून परत देतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या कागदावर त्या मुलाचं पुढचं सगळं ठरणार असतं. बाई, वीस मिनिटं काढा, एखाद्या ऑफ पिरियडला बसून भरा.

पण शिक्षकांनी निदान करू नये. "याला एडीएचडी आहे, डॉक्टरला दाखवा" असं आईला तोंडावर सांगितलं की ती पुढचं काही ऐकत नाही. जे दिसतं तेवढंच सांगा. आणि आईबाबांनी डॉक्टरकडे जायच्या आधी कान, डोळे, झोप तपासून घ्या, कारण फळ्यावरचं दिसत नसलेलं किंवा रात्री बारापर्यंत जागणारं मूलही वर्गात असंच वागतं. लिहिण्यावाचण्याची अडचण, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, ही तर एडीएचडीच्या जोडीने पुष्कळदा असते, ती वेगळी तपासावी लागते. वागणं अचानक बदललं असेल, आधी ठीक होतं आणि दोन महिन्यांत बिघडलं, तर घरातलं भांडण, कुणाचा मृत्यू, कुणी त्रास देतंय का, रिक्षात किंवा बसमध्ये काही होतंय का हे आधी शांतपणे विचारा.

पहिली भेट

गेटवर नाही. प्रगतिपुस्तक द्यायच्या दिवशी मागे पंचवीस पालकांची रांग असताना नाही. आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात नाही, तिथे एकदा मुलाचं नाव आलं की ते वर्षभर पुसत नाही. वेगळी वेळ मागून घ्या, अर्धा तास पुरतो, शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात. शक्य असेल तर आई आणि बाबा दोघांनी जा. आपल्याकडे आई एकटी जाते, मग घरी येऊन बाबांना सांगते, बाबा म्हणतात "आम्ही पण असेच होतो, काही नाही झालं", आजी म्हणते शाळेलाच शिकवता येत नाही, आणि ठरलेलं सगळं तिथेच संपतं. मुलाला दिवसभर आजी सांभाळत असेल तर आजीलाही घेऊन जा, बाईंच्या तोंडून ऐकलं की वेगळं वाटतं.

बाईंनी सुरुवात मुलाच्या चांगल्या गोष्टीने करा आणि ती खरी असू दे. "हुशार आहे हो पण" असं नको, त्याला काही अर्थ नसतो. "मधल्या सुट्टीत एका मुलाचा डबा सांडला तर यानेच आपला अर्धा दिला" असं काहीतरी तुम्ही पाहिलेलं सांगा. ज्या आईने दोन वर्षं फक्त तक्रारी ऐकल्यात तिचे डोळे भरून येतात आणि मग ती बोलायला लागते. आणि आईबाबांनी सुरुवात अशी करा: "बाई, तुम्हाला वर्गात जास्तीत जास्त त्रास कशाचा होतो ते आधी सांगा." हे विचारलं की बाईंना समजतं की तुम्ही भांडायला आलेला नाही.

मग आईबाबांनी घरचं खरं सांगायचं. झोप किती, सकाळी उठताना काय होतं, नाश्ता करतो का, औषध चालू आहे का, कशाने शांत होतो, कशाने पेटतो. औषध लपवणारे पालक खूप आहेत, भीती असते की शाळा नाव ठेवेल. ती भीती मला समजते, पण वर्गशिक्षिकेला माहीत असायलाच हवं, बाकी कुणाला सांगायचं नाही हे त्यांच्याकडून स्पष्ट कबूल करून घ्या. आणि बाईंनी ते स्टाफरूममध्ये बोलायचं नाही, ही विश्वासाची गोष्ट आहे आणि एकदा तुटली की परत जुळत नाही.

या भेटीत एकच ठरवून उठा: पुढचे दोन आठवडे कुठलं एक वागणं बघायचं. "नीट वागावं" हे वागणं नव्हे. "शेजारच्याला ढकलणं", "न विचारता जागेवरून उठणं", "वहीत काहीच न लिहिणं" असं, जे मोजता येतं.

दोन आठवडे नुसतं लिहून काढा

एका साध्या वहीत तीन रकाने पाडा. आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. वेळ आणि तास लिहा. एक वही बाईंकडे, एक घरी. उपदेश लिहायचा नाही, कारणं लिहायची नाहीत, फक्त घडलेलं.

एक उदाहरण देते, हे एका मुलाचं नाही, असं मी पुष्कळदा पाहिलंय. चौथीतला मुलगा. शेरा असा की तो "मारकुटा" आहे. वही दोन आठवड्यांनी उघडली तर दिसतं की ढकलाढकली, पेन्सिल फेकणं हे जवळजवळ सगळं तिसऱ्या तासाला, म्हणजे गणिताला, आणि तेही फळ्यावरची उदाहरणं उतरवून घ्यायला सांगितल्यावर पाचेक मिनिटांत. त्यानंतर काय होतं? बाई त्याला वर्गाबाहेर उभं करतात. घरच्या वहीत काय आहे? गृहपाठाला बसवलं की पाण्याचा ग्लास सांडतो, बहिणीला चिमटा काढतो, आई चिडून म्हणते जा, ऊठ इथून. म्हणजे दोन्हीकडे तो लिहिण्यातून सुटतोय. त्याला शिक्षा वाटावी म्हणून आपण जे करतोय तेच त्याला हवंय. बाई आणि आई दोघींनी स्वतंत्रपणे पाहिलं असतं तर हे कधीच जुळलं नसतं.

वागण्यामागे बहुतेकदा यातलं काहीतरी असतं: नको असलेल्या कामातून सुटणं, कुणाचं तरी लक्ष मिळवणं, हवी ती वस्तू मिळवणं, किंवा नुसतं शरीराला बरं वाटणं, जसं सतत हलणं, टेबल वाजवणं. कारण सापडलं की उपाय बदलतो. वरच्या मुलाला बाहेर काढणं बंद. त्याऐवजी उदाहरणं छापील कागदावर द्यायची म्हणजे उतरवायचं ओझं गेलं, दहाऐवजी पाच सोडवायची, आणि दमला की ढकलायच्या ऐवजी बाकावर एक ठरलेलं कार्ड उभं करायचं की दोन मिनिटं पाणी पिऊन येता येईल. घरीही तेच, पाच उदाहरणं, मग ब्रेक, आणि ग्लास सांडला तर न ओरडता फडकं हातात द्यायचं, पुसून परत बसायचं, सुटका नाही. लक्ष हवं असलेल्या मुलाला मात्र हे चालणार नाही, त्याला चांगलं वागताना दर दहा मिनिटांनी एक नजर, खांद्यावर एक हात, "छान चाललंय" एवढं दिलं तर तो गोंधळ घालून ते मागत नाही.

रोजचं कार्ड

आता सगळ्यात कामाची गोष्ट. याला डेली रिपोर्ट कार्ड म्हणतात, एडीएचडीच्या मुलांसाठी शाळेत जे उपाय अभ्यासातून चांगले ठरलेत त्यात हे आहे, आणि खर्च शून्य. एक अर्धा कागद, वर तास लिहिलेले, बाजूला तीन गोष्टी, जास्त नको. त्या "करायच्या" भाषेत लिहा: हात स्वतःजवळ ठेवले. सांगितलेलं काम सुरू केलं. बोलायच्या आधी हात वर केला. प्रत्येक तासाच्या शेवटी बाई बरोबर नाहीतर शून्य करतात आणि मुलाला ते दाखवतात, एका वाक्यात, "हे जमलं, हे पुढच्या तासाला". संध्याकाळी कार्ड घरी जातं आणि बक्षीस घरी मिळतं.

बाई म्हणतात माझ्या वर्गात पंचावन्न मुलं आहेत, मी हे कधी करू. हे अगदी खरं आहे आणि हा प्रश्न मी कधीच झटकत नाही. म्हणून सुरुवातीला सगळे तास घेऊ नका, मधल्या सुट्टीआधीचे दोन घ्या. एका तासाला दहा सेकंद लागतात. डायरीत तीन ओळींचा शेरा लिहायला आणि महिन्यातून दोनदा पालकांना बोलवायला याच्यापेक्षा जास्त वेळ जातो. विषयाचे शिक्षक वेगळे असतील तर कार्ड मुलानेच त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं, पण वर्गशिक्षिकेने त्या सगळ्यांना आधी सांगून ठेवलेलं हवं, नाहीतर एखादे सर "हे काय नवीन" म्हणून सगळ्यांसमोर कागद परत करतात आणि मूल पुन्हा ते कार्ड बाहेर काढत नाही.

टार्गेट किती ठेवायचं यात लोक हमखास चुकतात. रोज सगळ्याच्या सगळ्या खुणा बरोबरच्या मागायच्या नाहीत. आत्ता तो किती करतो ते तीनचार दिवस मोजा, आणि पहिलं टार्गेट असं ठेवा की पाचपैकी चार दिवस तरी तो जिंकेल. पहिल्या आठवड्यात जिंकला नाही तर मूल कार्ड हरवायला लागतं, बसमध्ये टाकतं, फाडतं. जमायला लागलं की हळूहळू वाढवा.

बक्षीस त्याच दिवशी. महिन्याच्या शेवटी सायकल हे आठ वर्षांच्या मुलाला फार लांब असतं, एडीएचडीच्या मुलाला तर आणखीनच लांब. महाग काही नको: रात्रीचं जेवण काय ते त्याने ठरवायचं, बाबांबरोबर खाली पंधरा मिनिटं क्रिकेट, कॅरमचा एक डाव, झोपताना एक जास्तीची गोष्ट. यादी मुलाबरोबर बसून करा, आठ दहा गोष्टींची, म्हणजे कंटाळा येत नाही. आणि ठरलेलं बक्षीस कुठल्याही कारणाने काढून घेऊ नका. शाळेत त्याने कमावलं आणि घरी दूध सांडलं म्हणून ते गेलं तर मग शाळेत कमवायचं कशाला असं त्याला वाटणारच.

कार्ड खराब आलं तर? काही नाही. ओरडायचं नाही, मारायचं नाही, लेक्चर द्यायचं नाही. "आज बक्षीस नाही, उद्या बघू, कुठला तास अवघड गेला?" बस. शाळेत जे झालं त्याचा परिणाम शाळेत होऊन गेलेला असतो, त्याच गोष्टीची घरी दुसरी शिक्षा दिली की मूल शाळेतलं घरी येऊ नये म्हणून खोटं बोलायला शिकतं. माझ्या अनुभवात या एका नियमावर सगळं उभं राहतं किंवा पडतं, म्हणून पहिल्या भेटीतच बाबांकडून तो शब्द घ्या.

अजून एक सांगून ठेवते. आधी जे वागून त्याला काही मिळत होतं ते मिळणं बंद झालं की पहिले काही दिवस वागणं आणखी बिघडतं. तो जास्त जोरात प्रयत्न करून बघतो. याच दिवसांत घरं आणि शाळा दोघंही "हे काही चालत नाही" म्हणून सोडून देतात. तेव्हा एकमेकांना फोन करा, कार्ड थांबवू नका, निदान चार आठवडे द्या.

वर्गात आणि घरी बाकीचं

जागा पुढे, दाराखिडकीपासून लांब, शांत मुलाच्या शेजारी. सूचना एका वेळी एकच आणि नाव घेऊन. हालचालीला वाट द्या, वह्या वाटणं, फळा पुसणं, ऑफिसात हजेरी नेऊन देणं ही कामं त्यालाच. पी.टी.चा तास शिक्षा म्हणून कधीच काढून घेऊ नका, ज्या मुलाला हालचालीची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचंच खेळणं बंद होतं. घरी झोपायची वेळ ठरलेली, दप्तर रात्रीच भरलेलं, गृहपाठाची जागा तीच. बाईंनी वर्गात जे शब्द वापरायचे ठरवलेत, समजा "थांब, श्वास, मग बोल", तेच घरी वापरा, आजीनेसुद्धा.

औषध चालू असेल तर

औषध द्यायचं की नाही हा निर्णय डॉक्टर आणि पालकांचा, शाळेने "औषध सुरू करा मगच पाठवा" असं म्हणू नये. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी बहुतेक तज्ज्ञ आधी पालकांचं प्रशिक्षणच सुचवतात. मोठ्या मुलांना मिथाइलफेनिडेट दिलं जातं. त्याच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास, म्हणजे सकाळी सातला घेतली तर अकराच्या सुमाराला उतरते. म्हणून कधी कधी बाईंना पहिल्या तासांत शांत मूल दिसतं आणि आईला दुपारी चिडचिडं, दोघी आपापल्या जागी बरोबर असतात आणि एकमेकींना खोटं समजतात. कार्डावर तास लिहिलेले असले की डॉक्टरांना हे लगेच दिसतं. डबा परत येतोय का हेही बाईंनी कळवा, या औषधाने भूक मंदावते. ही गोळी शेड्युल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येते, सगळ्या दुकानांत मिळत नाही आणि चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, तेव्हा संपायच्या आधी आठवडाभर सोय बघा आणि गोळी चुकली त्या दिवशी बाईंना सकाळीच मेसेज करा.

खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारासाठी पाठवतात. सरकारी शाळा असेल तर गट साधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, मुख्याध्यापकांना सांगून त्यांना बोलवून घ्या. स्वतः पालकांना बोलायची गरज वाटली तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

दुसऱ्या मुलाला लागलं तर

हे होतं, आणि त्या मुलाच्या आईचा राग खरा असतो. शाळेने तिला वेगळं भेटावं, काय काळजी घेतोय ते सांगावं, पण तुमच्या मुलाचं निदान सांगू नये. आईबाबांनी ग्रुपवर स्पष्टीकरण लिहायला जाऊ नका. फोन करून विचारपूस करा, "लागलं त्याबद्दल वाईट वाटतं, कसा आहे आता?" एवढंच, आणि मुलाकडून दुसऱ्या दिवशी सॉरी म्हणवून घ्या, सगळ्या वर्गासमोर नाही.

एक बाजू येतच नसेल तर

बाई ऐकतच नसतील तर मुख्याध्यापक, मग पालक-शिक्षक संघ किंवा शाळा व्यवस्थापन समिती, या क्रमाने जा आणि लेखी द्या. शिक्षणाच्या हक्काचा 2009 चा कायदा माहीत असू द्या: कलम 17 प्रमाणे मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. "दाखला घेऊन जा" असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा. पण पहिल्याच भेटीत कायदा बाहेर काढू नका, त्याने बाई बचावाच्या पवित्र्यात जातात आणि पाच तास त्यांच्याजवळच तुमचं मूल बसणार असतं.

आणि पालक मानायलाच तयार नसतील तर बाईंनी निदानाचा शब्द सोडून द्या. दोन आठवड्यांची वही त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, घरी असं होतं तेव्हा तुम्ही काय करता? बहुतेक आया तेव्हा बोलतात. तरी नाहीच जमलं तर कार्ड शाळेतल्या शाळेत चालवा, बक्षीस वर्गातलं ठेवा, जसं शेवटच्या तासाला दहा मिनिटं चित्र काढणं. घरची साथ असते तेवढा परिणाम येत नाही पण येतो.

जूनमध्ये

नवीन वर्ग, नवीन बाई, आणि सगळं शून्यापासून सुरू होतं, हे मी दर वर्षी बघते. म्हणून एप्रिलमध्ये जुन्या बाई आणि आईबाबांनी बसून एक पानाचा कागद करा. मुलाला काय आवडतं. कशाने पेटतो. पेटला तर काय करायचं, काय अजिबात करायचं नाही. कुठली जागा जमते. कार्डावर शेवटी कुठलं टार्गेट होतं. औषधाची वेळ. घरी कुणाला आणि किती वाजता फोन करायचा. शाळा उघडायच्या आधी नव्या वर्गशिक्षिकेच्या हातात तो द्या, जमलं तर मुलाला पाच मिनिटं नवा वर्ग आणि आपला बाक दाखवून आणा, आणि पहिल्या आठवड्यात तक्रार यायची वाट न बघता पहिल्या भेटीची तारीख तिथेच घेऊन या.